मदत हवी आहे: कोरोनातली जुनी केस, मुलाचा पासपोर्ट अडकलाय (इंदूर)

सुदामानगरची_आई
नमस्कार. खूप घाईत लिहितेय. मुलाच्या पासपोर्टचं पोलिस व्हेरिफिकेशन अ‍ॅडव्हर्स गेलं, कारण काय तर कोरोनात नगर निगमने शहरात इमर्जन्सी लावली होती तेव्हाची कसलीशी केस. भोपाळच्या पासपोर्ट ऑफिसचं पत्र आलंय, खुलासा द्या म्हणून. त्याला जर्मनीत नोकरी लागलीय, ऑफर लेटर हातात आहे, ते लोक जॉइनिंग पुढे ढकलायला तयार नाहीत. ठाण्यात विचारलं तर म्हणतात कोर्टात जा, कोर्टातला बाबू म्हणतो केस नंबर आणा, आणि नंबर कोणाकडेच नाही. कधी कोणाशी भांडण नाही असा मुलगा आहे हो माझा. निगमकडून नाहरकत मिळते का, आणि कोणत्या ऑफिसात? लवकर सांगा प्लीज.

एमजीरोडचा_वकील
ताई, कलम कोणतं? साल कोणतं? एफआयआरची कॉपी आहे का? मुलाला अटक दाखवून जामीन झाला होता की नुसतं ठाण्यात बसवून सोडलं? पासपोर्ट नवीन आहे की रिन्यूअल? पत्राला उत्तर किती दिवसांत मागितलंय? हे कळल्याशिवाय कोणी काही सांगितलं तर ते अंदाजपंचे असेल.

सुदामानगरची_आई
साल कोरोनाचंच की. कलम माहीत नाही. नवीन पासपोर्ट आहे. चालान झालं होतं तेव्हा.

एमजीरोडचा_वकील
कोरोनाचं म्हणजे २०२० चं लॉकडाऊन की २०२१ च्या एप्रिल-मे मधला कोरोना कर्फ्यू? आणि चालान म्हणजे निगमच्या माणसाने मास्कची पावती फाडली, की पोलिसांनी कोर्टात चालान पेश केलं? पावती फाडली असेल तर पैसे भरले तिथे विषय संपला, कोर्टात चालान पेश झालं असेल तर केस उभी आहे. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

विजयनगर_७४
काही करू नका, एजंट पकडा. माझ्या पुतण्याचंही असंच अडकलं होतं, एजंटने आठवड्यात काम करून दिलं. नंबर हवा असेल तर व्यनि करा.

निवृत्त_तहसील
हे असले सल्ले देऊ नका हो. पासपोर्टच्या कामात खोटी माहिती गेली तर पासपोर्ट जप्त होऊ शकतो, उद्या पोरगा तिकडे नोकरीत असताना नोटीस आली म्हणजे? एजंट तेव्हा फोनही उचलणार नाही.

ताई, एक गोष्ट आधी डोक्यातून काढा. निगमने इमर्जन्सी वगैरे लावली नव्हती, आपल्याकडे निगमला तो अधिकारच नाही. २०२० मध्ये तर इंदूरला महापौरच नव्हता, परिषदेची मुदत फेब्रुवारीत संपली होती, निवडणूक झाली ती थेट २०२२ च्या जुलैत. जो कर्फ्यू लागला तो कलेक्टरचा, जिल्हा दंडाधिकारी म्हणून, कलम १४४ खाली. मार्चच्या शेवटी तर किराणा आणि दूधसुद्धा बंद केलं होतं, आठवत असेल. निगमकडे काम होतं फवारणीचं, कचरागाडीबरोबर किराण्याच्या याद्या गोळा करण्याचं आणि मास्कच्या दंडाचं. म्हणून नाहरकतीसाठी निगमच्या चकरा मारू नका, तिथे कोणी कागद देणार नाही.

सॅनफ्रान्सिस्कोची_आजी
आमची मुलगी सॅन फ्रान्सिस्कोला असते, मी तेव्हा तिच्याकडे होते म्हणून सांगते. तिथे मात्र शहराची मेयरच इमर्जन्सी लावते. लंडन ब्रीड नावाच्या बाई होत्या, त्यांनी २५ फेब्रुवारी २०२० ला जाहीर केली, आणि तेव्हा शहरातल्या रहिवाशांत एकही पेशंट सापडलेला नव्हता! सात दिवसांत शहराच्या बोर्डाची मंजुरी घ्यावी लागते, ती मिळाली. पैसा आणि माणसं पटकन हलवता यावीत म्हणून ती घोषणा असते, तेवढ्याने कोणाला घरात कोंडत नाहीत. घरी बसायची ऑर्डर १६ मार्चला निघाली, ती आरोग्य अधिकाऱ्यांची, शहर धरून आजूबाजूच्या सहा काउंट्यांनी (जिल्ह्यांनी) मिळून. आपल्याकडे जनता कर्फ्यू २२ मार्चला. आपल्या शहरांनाही असा अधिकार असता तर इंदुरात इतकी माणसं गेली नसती असं मला मनापासून वाटतं.

निवृत्त_तहसील
आजी, अधिकार शहराला दिला आणि पैसा भोपाळला ठेवला तर काय उपयोग? ७४ व्या घटनादुरुस्तीने निगमांना पुष्कळ कामं कागदावर दिली, हातात किती आली ते बघा. आणि कलेक्टर होते म्हणूनच एका माणसाच्या सहीने हॉस्पिटल, पोलिस, मंडी सगळं हललं. मी ती फाइल जवळून पाहिलीय.

सॅनफ्रान्सिस्कोची_आजी
एका माणसाच्या सहीने दूधही बंद झालं ना भाऊ. घरात तान्ह्या बाळाला दूध नव्हतं अशी घरं मला माहीत आहेत. तिथे निदान निवडून आलेल्या लोकांना आठवड्यात हात वर करून हो म्हणावं लागलं.

सुदामानगरची_आई
अहो माझ्या मुलाचं काय?? मला अमेरिकेचं नको आहे. साल २०२०, एप्रिल. माझी आई रामबागेत एकटी होती, तिचं इन्सुलिन संपलेलं, हा थर्मासमध्ये बर्फ भरून त्यात इन्सुलिन घेऊन निघाला, डॉक्टरची चिठ्ठी खिशात होती. चौकात अडवलं, चिठ्ठी वाचलीच नाही कोणी, ठाण्यात बसवलं, गाडी ठेवून घेतली. संध्याकाळी कशावर तरी सही घेऊन सोडलं. थर्मास टेबलावर तसाच होता तोपर्यंत. पैसे भरल्याची पावती नाही.

शुगर_सोबती
ताई, पुढच्या वेळी इन्सुलिन बर्फात थेट कधीच ठेवायचं नाही. गोठलं की ते कामाचं राहत नाही, वितळलं तरी वापरू नये. रुमालात गुंडाळून बर्फापासून लांब ठेवायचं. प्रवासात मी ओल्या फडक्याची पिशवी वापरतो, उन्हाळ्यात सुद्धा टिकतं.

एमजीरोडचा_वकील
सही घेऊन सोडलं म्हणजे बहुतेक एफआयआर करून ठाण्यातूनच जमानतीवर सोडलेलं दिसतंय. आता क्रमाने करा. मध्य प्रदेश पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर जिल्हा, ठाणं, साल टाकून एफआयआर शोधा. तिथे नाही मिळाली तर ठाण्यात टीआय साहेबांच्या (ठाणा प्रभारींच्या) नावाने लेखी अर्ज द्या, आरोपीला एफआयआरची कॉपी मिळण्याचा हक्क आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. एफआयआर नंबर मिळाला की ई-कोर्ट्सच्या साइटवर इंदूर जिल्हा कोर्ट निवडून एफआयआर नंबरने शोधा, तिथे केस नंबरची गरजच नाही. बाबूच्या पाया पडायचं कारण नाही.

तक्रार_१८१
इतकं कशाला, १८१ वर सीएम हेल्पलाइनला तक्रार टाका. एल-वन, एल-टू करत वर गेली की ठाण्यातून स्वतः फोन येतो. मी नळाच्या कनेक्शनपासून सगळं त्यावरच करून घेतलंय.

एमजीरोडचा_वकील
१८१ ने गुन्ह्याची फाइल बंद होत नाही. तक्रार टाकली तर ठाण्याचं उत्तर येईल, "प्रकरण विवेचनात" (म्हणजे तपास चालू), आणि तक्रार बंद. माहितीचा अधिकारही कोणी सुचवेल, त्यात तीस दिवस जातील, यांच्याकडे तेवढा वेळ नाही.

बडोदेकर_दांडियाबाजार
आमच्याकडे बडोद्यात पोलिस कमिशनरचा जाहेरनामा निघायचा, कलेक्टरचा नाही. २०२० च्या नोव्हेंबरात रात्रीचा कर्फ्यू लागला तोही तसाच चालला. इंदुरातही आता कमिशनर आलेत ना, मग त्यांच्याकडेच अर्ज करा की.

निवृत्त_तहसील
कमिशनर पद्धत इंदुरात २०२१ च्या डिसेंबरात आली. यांचा आदेश एप्रिल २०२० चा, तो जिल्हा दंडाधिकाऱ्याचा. कर्फ्यूच्या केसेसना लागायचं ते आयपीसीचं कलम १८८, सरकारी आदेश मोडल्याचं, आणि आदेश कोणाचा होता ते १८८ मध्ये महत्त्वाचं असतं. ज्याचा आदेश मोडला त्याने किंवा त्याच्या वरच्या अधिकाऱ्याने कोर्टात लेखी तक्रार द्यावी लागते, नुसत्या पोलिस चालानवर कोर्ट दखल घेऊ शकत नाही. जुन्या सीआरपीसीचं (फौजदारी प्रक्रिया संहितेचं) कलम १९५.

एमजीरोडचा_वकील
बरोबर. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये सी. मुनियप्पन प्रकरणात हे स्पष्ट म्हटलंय, ती तक्रार नसेल तर दखलच बेकायदा. पण एफआयआर हातात येऊ द्या, बऱ्याच ठिकाणी १८८ बरोबर २६९ (साथ पसरेल असा निष्काळजीपणा) पण लावलं होतं, त्याला १९५ ची आड नाही.

होळकर_दफ्तर
अवांतर होतंय पण राहवत नाही. हे १८८ साथीच्या कामात आलं तेच मुळी १८९७ च्या साथरोग कायद्यातून. मुंबईत प्लेग आला, इंग्रजांनी घाईघाईने चार कलमांचा कायदा केला, आणि त्यात लिहिलं की आदेश मोडला तर १८८ ची शिक्षा. पुण्यात त्याच जोरावर घरात घुसून झडत्या झाल्या, २२ जून १८९७ ला रँडवर गोळी झाडली गेली ती त्याच रागातून. आणि आपल्या इंदुरात बघा काय झालं, नगररचनाकार पॅट्रिक गेडिस साहेबाला होळकर दरबाराने बोलावलं होतं, त्याने प्लेगच्या भीतीत दिवाळीची मिरवणूक काढली, घाणीचा राक्षस आणि उंदराचा पुतळा मिरवून जाळला, आणि सांगितलं की ज्या भागात घरं स्वच्छ तिथूनच मिरवणूक जाईल. लोकांनी आपणहून गाड्या भरभरून कचरा काढला. दंडुक्याशिवाय साथ आवरता येते हे या शहराने शंभर वर्षांपूर्वी करून दाखवलंय, मग २०२० मध्ये औषध नेणाऱ्या पोराची चिठ्ठी वाचायला काय हरकत होती?

निवृत्त_तहसील
उंदीर मिरवून कोरोना गेला नसता. इंदुरातल्याच टाटपट्टी बाखल मोहल्ल्यात तपासायला गेलेल्या डॉक्टर बायकांवर दगड पडले, तेव्हा पोलिसच लागले ना.

होळकर_दफ्तर
दगड मारणाऱ्याला पकडा की, कोण नको म्हणतंय. औषध नेणाऱ्याला त्याच कलमात बसवलं, माझा आक्षेप तेवढाच आहे.

सुदामानगरची_आई
एफआयआर मिळाली पोर्टलवर. कलम १८८, २६९. त्यात लिहिलंय "विनाकारण फिरताना आढळला". चिठ्ठीचा उल्लेखच नाही. वाचून हात थरथरले. ई-कोर्ट्सवर एफआयआर नंबर टाकला तर "रेकॉर्ड नॉट फाउंड" येतंय. म्हणजे काय समजायचं? आता तरी हायकोर्टात जावं लागेल का, एक ओळखीचे म्हणाले एफआयआर रद्द करायला जुन्या सीआरपीसीचं ४८२ लावा.

एमजीरोडचा_वकील
ताई, ही चांगली बातमी आहे. पासपोर्ट कायद्याच्या ६(२)(एफ) मध्ये अडचण येते ती फौजदारी कोर्टात केस चालू असेल तर. नुसती एफआयआर, ज्यात चालानच पेश झालं नाही, ती कोर्टातली केस नाही. मुलाने फॉर्ममध्ये "कोर्टात केस नाही" असं लिहिलं असेल तर ते खरंच आहे, त्याने काही लपवलेलं नाही. तरी साइटवर भरवसा ठेवून थांबू नका, नोंद चढवायची राहूनही जाते. ठाण्यातून लेखी घ्या की चालान पेश झालं की नाही, खात्मा (केस बंद केल्याचा अहवाल) लागला की प्रकरण अजून विवेचनात आहे.

दुसरं, १८८ आणि २६९ दोन्हींची शिक्षा जास्तीत जास्त सहा महिने, अशा गुन्ह्यात कोर्टाला दखल घ्यायची मुदत एक वर्ष, सीआरपीसी ४६८. ती केव्हाच गेली.

निवृत्त_तहसील
वकीलसाहेब, सुप्रीम कोर्टाने कोरोनात मुदती वाढवल्या होत्या, ते धरा.

एमजीरोडचा_वकील
धरतो. १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ वगळला तरी पुढचं वर्ष २०२३ च्या फेब्रुवारीअखेर संपलं. कोर्ट उशीर माफ करू शकतं, पण त्याला कारण द्यावं लागतं, आणि चिठ्ठी खिशात असलेल्या पोरासाठी कोणतं कारण देणार आहेत? हायकोर्टाच्या खंडपीठात जाऊन एफआयआर रद्द करून घेता येते, पण खर्च आहे, तारखा आहेत, तो मार्ग नंतरचा.

विजयनगर_७४
आणि कोर्टात केस निघालीच तर?

एमजीरोडचा_वकील
तर त्याच कोर्टात परदेशी जायच्या परवानगीचा अर्ज. २५ ऑगस्ट १९९३ ची अधिसूचना आहे, जीएसआर ५७०(ई), कोर्टाने परवानगी दिली की पासपोर्ट मिळतो, आदेशात मुदत लिहिली नसेल तर एका वर्षाचा. म्हणून वकिलाला मुदत आदेशात लिहून घ्यायला सांगायचं.

सुदामानगरची_आई
टीआय साहेब आज भले भेटले. लेखी दिलं, "प्रकरण विवेचनाधीन, चालान न्यायालयात सादर नाही". डॉक्टरांकडे त्या दिवसाची चिठ्ठीची नोंद पण निघाली, त्यांनी सही-शिक्क्याने पत्र दिलं. आता भोपाळला काय लिहू? मुलगा म्हणतो पूर्ण गोष्ट लिहू.

एमजीरोडचा_वकील
पूर्ण गोष्ट नको, पानभर पुरे. फाइल नंबर वर टाका. एफआयआरचा नंबर, तारीख, कलमं स्वतःहून लिहा. कोर्टात कोणतीही फौजदारी केस प्रलंबित नाही, म्हणून ६(२)(एफ) लागू होत नाही, हे एक वाक्य ठळक. सोबत ठाण्याचं पत्र, एफआयआर, ई-कोर्ट्सचा प्रिंट, डॉक्टरांचं पत्र, ऑफर लेटर. पुन्हा पोलिस व्हेरिफिकेशन करावं अशी विनंती शेवटी. सही मुलाची हवी, तुमची नाही. स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपून ठेवा, शिवाय अपॉइंटमेंट घेऊन तो स्वतः भोपाळला प्रती घेऊन गेला तर उत्तम, मूळ कागद बरोबर असू द्या.

सॅनफ्रान्सिस्कोची_आजी
आणि ताई, थंडीचे कपडे इथून घेऊ नका, तिकडेच चांगले मिळतात.

सुदामानगरची_आई
पोस्ट केलं. अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यातली मिळालीय. वकील दादा, टीआय साहेबांना खात्म्यासाठी पण अर्ज देऊन ठेवू का, की पासपोर्ट हातात येईपर्यंत त्यांना हलवू नको?

एमजीरोडचा_वकील
आजच द्या. मुदत संपल्याचं आणि डॉक्टरांच्या पत्राचं त्यात लिहा, एक प्रत डीसीपी ऑफिसला. पीसीसी (पोलिसांचा चारित्र्याचा दाखला) मागितली तर हीच एफआयआर पुन्हा आडवी येईल.