टेस्टमधे प्रीअपडेट कॉलबॅक (डेटाबेसमधली नोंद बदलायच्या आधी आपोआप चालणारी मेथड) चालतच नाही, कुणाला माहितीये का?

कोड_भिडू: जेपीए-हायबरनेट (जावा ऑब्जेक्ट डेटाबेसमधे ठेवायची लायब्ररी) वापरतोय, स्विंग (जावाचं डेस्कटॉप यूआय) क्लायंटकडून डिटॅच्ड, म्हणजे हायबरनेटपासून सुटलेला ऑब्जेक्ट सर्व्हरला येतो आणि तिथे मर्ज होतो, म्हणजे त्यातले बदल परत हायबरनेटकडे जातात. बदलाची तारीख प्रीअपडेटमधे टाकलीये, ॲप चालवलं की नीट पडते पण जेयुनिट (जावाची टेस्ट लायब्ररी) टेस्टमधे नल, म्हणजे रिकामी!! प्रीपर्सिस्टवाली (नवीन नोंद सेव्ह व्हायच्या आधी पडणारी) तारीख मात्र येते. काय गौडबंगाल आहे?

जावाकाका: टेस्टवर ट्रान्झॅक्शनल ॲनोटेशन (सगळी टेस्ट एकाच डेटाबेस व्यवहारात चालवणारी खूण) असणार. टेस्ट संपली की स्प्रिंग फ्रेमवर्क रोलबॅक करतं, म्हणजे बदल रद्द करतं, त्यामुळे फ्लश (बदल डेटाबेसला पाठवणं) होतच नाही, आणि हायबरनेट प्रीअपडेट फ्लशच्या वेळीच चालवतं, प्रीपर्सिस्ट मात्र पर्सिस्ट म्हटल्या म्हटल्या चालतं. असर्टच्या (निकाल तपासणाऱ्या ओळीच्या) आधी फ्लश मार. आणि फील्ड खरंच बदल बरं का, तीच व्हॅल्यू परत सेट केलीस तर हायबरनेट ढुंकूनही बघत नाही.

रात्रपाळी: मर्ज काय परत देतं तेपण बघ, कॉलबॅक मॅनेज्ड कॉपीवर (हायबरनेट सांभाळतं त्या प्रतीवर) चालतो, क्लायंटचा ऑब्जेक्ट तसाच राहतो, तुझा असर्ट बहुतेक त्याच्यावरच असेल.

कोड_भिडू: दोन्ही केलं, झालं हिरवं! जेपीक्यूएल (जेपीएची क्वेरी भाषा) अपडेटवाली बॅच टेस्ट अजून लाल आहे पण.

जावाकाका: ती लालच राहणार, बल्क अपडेटला (एका क्वेरीने अनेक नोंदी बदलताना) कॉलबॅक चालतच नाहीत. तारीख क्वेरीतच सेट कर.