घाट उतरताना ढांगा लांब पडतात, नडगी दुखते

घाटवाट: मी साताऱ्याचा, वय ४६. गेली चार वर्षं दर रविवारी यवतेश्वरचा घाट पळतो. चढाचा त्रास नाही. उतरलो की मात्र उजवी नडगी भरून येते, सोमवारी ऑफिसचा जिना उतरतानाही जाणवते. परवा मुलीने बाजूने स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढला. टाच टेकते तेव्हा गुडघा जवळजवळ ताठ, आणि पाऊल कमरेच्या वीतभर पुढे! म्हणजे प्रत्येक पावलाला मीच ब्रेक दाबतोय. यंदा हिल हाफ मॅरेथॉनला नाव दिलंय, त्यात परतीला हाच घाट उतरायचा आहे. टाच सोडून चवड्यावर पळायला शिकू का?

पहाटफेरी: चवड्यावर नका जाऊ. मी तेच केलं होतं. नडगी शांत झाली, पण पोटरी धरली आणि दीड महिना घरी बसले. टाच आधी टेकली म्हणून काही बिघडत नाही, ती कुठे टेकते ते बघा. टेकताना गुडघा थोडा वाकलेला आणि नडगी उभी हवी. पळता पळता पाय जागेवर टेकवायला गेलात तर सगळं अंग आखडतं, त्यापेक्षा ठेका, म्हणजे मिनिटाला पडणारी पावलं, वाढवा. सपाट रस्त्यावर ३० सेकंद फक्त उजवं पाऊल मोजा. ३९ भरली तर मिनिटाला एकूण १५६. त्यात ५ टक्के घाला, १६४. मोबाइलवर मेट्रोनोम (टिकटिक करत ठेका देणारं ॲप) लावून एक मिनिट त्या ठेक्यावर, दोन मिनिटं नेहमीसारखं, असं सहा वेळा. वेग अजिबात वाढू द्यायचा नाही. बहुतेक जण इथेच चुकतात. ठेक्याबरोबर वेग वाढतो, दम लागतो, आणि आठवड्यात सोडून देतात.

मैलकुली: मिनिटाला १८० पावलं हवीतच असं सांगतात, त्याच्या मागे मात्र लागू नका. धावण्याचे प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांनी १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये धावपटूंची पावलं मोजली, तिथून तो आकडा पसरला. ती शर्यतीच्या वेगातली पावलं होती. आणि नडगीच्या हाडावर बोटाने दाबल्यावर एकाच जागी कळ येत असेल किंवा रात्री ठणकत असेल, तर पळणं बंद करून आधी डॉक्टरांना दाखवा.

घाटवाट: दाबून पाहिलं. एका जागी नाही, आतल्या कडेने लांबवर हुळहुळतं. तरी डॉक्टरांना दाखवून आलो, हाड ठीक आहे.

तीन आठवडे झाले. माझी ३८ भरली होती, म्हणून १६० धरले. सपाटीवर दुसऱ्या आठवड्यात जमलं, घाटात जमेना. पुन्हा व्हिडिओ काढला तेव्हा कळलं, घसरायच्या भीतीने मी पाठ मागे टाकून उतरतो. पाठ मागे गेली की पाय पुढे पडणारच. आता पाठ सैल सोडतो, मागे टाकत नाही, नजर दहा-बारा पावलं पुढे ठेवतो. काल उतरलो तेव्हा शेवटच्या दोन वळणांवर दमून ठेका सुटला, तेवढ्यातच नडगी बोलली. ताई, ओल्या रस्त्यावर हाच ठेका ठेवता का?

पहाटफेरी: ठेका तोच, ढांग आणखी आखूड. वेग कमी होईल, होऊ द्या. आणि ती दोन वळणं सध्या चालत उतरा.