शब्दचर्चा : ‘सोपान’ हे नाव

शंका

आमच्या घरी नुकत्याच जन्मलेल्या नातवाला त्याच्या पणजोबांचे ‘सोपान’ हे नाव द्यावे, असे माझ्या मुलाच्या मनात आहे. त्यावर दोन आक्षेप आले आहेत. हे नाव ‘सोपा’ या विशेषणावरून पडलेले असून त्याला स्वतंत्र अर्थ नाही, हा पहिला. आणि ते जुनाट, गावाकडचे वाटते, हा दुसरा. शब्दाचा अर्थ आणि पूर्वेतिहास जाणकारांनी सांगावा. शिवाय नाव चालवताना ‘सोपानला’ म्हणावे की ‘सोपानाला’, हेही सांगावे.

उत्तर

पहिला आक्षेप निराधार आहे. ‘सोपान’ हा संस्कृतातला जुना आणि स्वयंपूर्ण शब्द असून त्याचा अर्थ पायऱ्या, जिना, चढून जाण्याची वाट असा आहे. अमरकोशात ‘आरोहणं स्यात्सोपानं’ असे म्हणून लगेच पुढे निःश्रेणी आणि अधिरोहिणी हे शब्द दिले आहेत. म्हणजे बांधलेल्या पायऱ्या वेगळ्या आणि उचलून टेकवायची शिडी वेगळी, हा भेद कोशकाराच्या मनात स्पष्ट होता. यांतल्या निःश्रेणीची मराठीत ‘निसण’ किंवा ‘निसणी’ झाली आणि कोकणीत ‘निसण’ आजही घराघरांत बोलली जाते. सोपानाच्या वाट्याला मात्र असे घरगुती रूप आले नाही. आपण पायरी म्हणतो, जिना म्हणतो, शिडी म्हणतो. ‘जरा सोपान जपून उतरा’ असे कोणी कोणाला म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही. पंढरपूरच्या महाद्वारात संत नामदेवांच्या नावाने जी जागा ओळखली जाते, तिलाही आपण ‘नामदेव पायरी’च म्हणतो.

व्युत्पत्तीबद्दल ‘स’ आणि ‘उपायन’, म्हणजे जवळ जाणे, यांच्या संकोचातून हा शब्द झाला असावा असा तर्क केला जातो. मात्र तो तर्क म्हणूनच घ्यावा. शब्दाचा वापर किती दूरवर पसरला आहे, हे पाहणे मला अधिक उद्‌बोधक वाटते. पालीत तो याच रूपात आहे. कालिदासाच्या मेघदूतात यक्ष आपल्या घराची खूण सांगताना पाचूच्या शिळांनी बांधलेल्या पायऱ्यांच्या विहिरीचे वर्णन करतो, तिथे ‘सोपानमार्ग’ आहे. आणि त्याच काव्यात आधी गंगेला सगरपुत्रांसाठी स्वर्गाला नेणारी सोपानपंक्ती म्हटले आहे. दगडी पायरी आणि वरच्या लोकी नेणारी वाट असे दोन्ही अर्थ इथे एकाच कवीच्या हातात आहेत. केरळात गर्भगृहाकडे जाणाऱ्या पायऱ्यांना सोपानम् म्हणतात आणि त्या पायऱ्यांच्या बाजूला उभे राहून गायले जाते ते सोपानसंगीत. तुलसीदासांनी रामचरितमानसाच्या सात कांडांना सात सोपान मानले आहे. आपल्या सापशिडीचे पूर्वरूप असलेल्या, मराठीत मोक्षपट म्हणून परिचित असलेल्या खेळाचे दक्षिणेतले एक नावही ‘परमपदसोपानपट’ असेच आहे.

आता नावाकडे येऊ. मराठी मुलाचे नाव म्हणून ‘सोपान’ रुजले ते एकाच व्यक्तीमुळे, ती म्हणजे निवृत्तिनाथ आणि ज्ञानदेव यांचे धाकटे बंधू आणि मुक्ताबाईंचे थोरले बंधू सोपानदेव. परंपरेने सामान्यतः धरलेले त्यांचे जन्मवर्ष 1277 असून 1296 मध्ये, ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतल्यानंतर थोड्याच दिवसांनी, त्यांनी कऱ्हेकाठी सासवड येथे समाधी घेतली. या हिशेबाने त्यांचे वय तेव्हा जेमतेम 19 होते. तरीही वारकरी त्यांना ‘सोपानकाका’ म्हणतात आणि आषाढीला सासवडहून पंढरपूरला निघते ती पालखीही सोपानकाकांचीच. नात्याचा काटेकोर हिशेब मांडला तर ज्ञानदेव ‘माउली’ असताना त्यांचा भाऊ मामा व्हायला हवा! पण इथला ‘काका’ आदराचा आहे आणि आदराला वंशावळ विचारायची नसते.

विठ्ठलपंतांनी मुलांची नावे ठेवली त्या क्रमाने ती वाचली, तर निवृत्ती, ज्ञान, सोपान आणि मुक्ती अशी साधनेची वाटच उभी राहते, असे कीर्तनकार नेहमी सांगतात. हा अर्थ नावे ठेवताना मनात होता की चौघांची चरित्रे घडून गेल्यावर तो दिसू लागला, हे ठरवायला काही साधन नाही. मला स्वतःला दुसरी शक्यता अधिक पटते. ज्ञानदेवांना हा शब्द सामान्यनाम म्हणून हाताशी होता, एवढे मात्र निश्चित. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योगरूपी पर्वताचा माथा गाठायचा असेल तर कर्मपथाचा हा सोपान चुकवू नकोस, असे श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतात, आणि मग यमनियमांच्या पायथ्यापासून आसनाच्या पाउलवाटेने वर चढण्याचे रूपक पुढे चालत राहते. ही ओवी वाचताना धाकट्या भावाची आठवण होणे वाचकाच्या हातचे नाही. लिहिणाऱ्याला ती झाली असेल का, याचा विचार मी बऱ्याचदा केला आहे.

दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे, परंतु त्याचे कारण वेगळे आहे. शब्द म्हणून ‘सोपान’ पोथीतला राहिला आणि नाव म्हणून तो शेतकऱ्याच्या घरात गेला, अशी ही विलक्षण स्थिती आहे. देशावरच्या आणि मराठवाड्यातल्या वारकरी घरांत आजोबांच्या पिढीत सोपान, सोपानराव, सोपानदेव भेटतात. शहरी शाळेच्या हजेरीपटावर हे नाव विरळाच दिसते. चार भावंडांत ज्ञानेश्वर सर्वत्र टिकले आणि मुक्ता तर शहरात नव्याने आवडीचे झाले, कारण ‘मुक्त’ हा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात आहे आणि नाव ऐकताच त्याचा अर्थ उमगतो. निवृत्तीला सरकारी नोकरीतल्या निवृत्तीने ग्रासले. सोपानचा अर्थ ज्यांना ठाऊक त्यांच्या घरी हे नाव ठेवले जात नव्हते आणि ज्यांच्या घरी ते ठेवले जात होते, त्यांना संतांचे नाव एवढा अर्थ पुरेसा होता. एकदा एका खेड्यातल्या देवळाच्या पायऱ्या चढताना तिसऱ्या पायरीवर ‘कै. सोपानराव यांचे स्मरणार्थ’ अशी अक्षरे पाहिली. वर्षानुवर्षांच्या पावलांनी त्यांतला ‘न’ जवळजवळ पुसला होता. पायरी देणाऱ्या कुटुंबाला हा श्लेष जाणवला असेल असे वाटत नाही.

सार्वजनिक जीवनात हे नाव ठळकपणे दिसते ते कवी सोपानदेव चौधरी (1907–1982) यांच्या रूपाने. बहिणाबाई चौधरी यांच्या या मुलाने आईची गाणी आचार्य अत्रे यांना दाखवली आणि 1952 मध्ये ती पुस्तकरूपाने आली. खानदेशातल्या त्या घरात हे नाव आले तेही संतांच्या ओढीनेच, असे मानायला हरकत नसावी.

नाव चालवण्याविषयी : सामान्यनाम असेल तर सामान्यरूप आवश्यक आहे, म्हणून ‘सोपानाच्या शेवटी’, ‘सोपानावरून’. विशेषनामाला आजच्या प्रमाण लेखनात सामान्यरूप बहुधा होत नाही, म्हणून ‘सोपानला बोलाव’, ‘सोपानने आणले’. जुन्या लेखनात आणि ग्रामीण बोलण्यात ‘सोपानाला’ आढळते, ते चूक नव्हे. संतांचा उल्लेख असेल तर अनेकवचनी ‘सोपानदेवांनी’, ‘सोपानकाकांच्या’ असेच लिहावे.

पुरवणी

वरील उत्तराशी मी सहमत आहे. फक्त ‘पोथीतला शब्द’ या विधानाला थोडी मुरड घालावीशी वाटते. जनाबाईंच्या नावावर असलेल्या आणि खेडोपाडी म्हटल्या जाणाऱ्या अभंगात निवृत्तिनाथांना सदाशिवाचा, ज्ञानदेवांना महाविष्णूचा आणि सोपानदेवांना ब्रह्म्याचा अवतार म्हटले आहे. तो अभंग म्हणणाऱ्यांना ‘सोपान’ म्हणजे पायरी हे ठाऊक नसेलही, पण तो ब्रह्मदेव आहे हे ठाऊक होते. नावाला कोशातला अर्थ नसला तरी तो निरर्थक नव्हता.

शंका विचारणाऱ्यांना एक व्यावहारिक सूचना. जन्मनोंदणीच्या वेळी रोमन लिपीतल्या नावात ‘प’नंतर एक ‘ए’ लिहिणार की दोन, हे आधीच ठरवून ठेवा आणि पुढे सगळ्या कागदपत्रांवर तेच राहू द्या. एक ‘ए’ लिहिल्यास अमराठी माणूस त्याचा ‘सोपन’ करतो. आमच्या घरातल्या सोपानच्या बँकेच्या पुस्तकावर एक ‘ए’ आहे आणि शाळेच्या दाखल्यावर दोन, त्यामुळे तो एकच इसम आहे असे प्रतिज्ञापत्र त्याला आतापर्यंत दोनदा करावे लागले आहे.