जलरंगातले हळदी-कुंकू बदक पाण्यावर बसलेले का वाटत नाही?

चित्रवेडी (बेळगाव):
नमस्कार. गेल्या हिवाळ्यात हिडकल धरणाच्या बांधावरून काही रेखाटने आणि फोटो घेतले होते. त्यांवरून हळदी-कुंकू बदकांची जोडी जलरंगात रंगवण्याचा प्रयत्न चालू असून आतापर्यंत चार कागद वाया गेले आहेत. अंगावरची खवल्यांसारखी नक्षी मी शून्य नंबरच्या ब्रशने एकेक पीस धरून काढली. चोचीचे पिवळे टोक आणि मुळाशी असलेले लाल ठिपकेही बरे उतरले. तरीही बदक कात्रीने कापून पाण्यावर चिकटवल्यासारखे दिसते. पंखावरचा हिरवा पट्टा चमकण्याऐवजी शेवाळासारखा वाटतो. कागद ३०० जीएसएमचा (म्हणजे चांगला जाड), सुती आहे, त्यामुळे दोष त्याच्यावर ढकलता येणार नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

पाणथळ (निपाणी):
ताई, आपण पिसे आधी आणि पक्षी नंतर रंगवला, असे मला वाटते. बदकाचे अंग म्हणजे आडवे ठेवलेले अंडे. त्याची उजेडाची आणि सावलीची बाजू ठरल्याशिवाय खवले काढले तर ते छापील कापडासारखे सपाट दिसणारच. कच्च्या अंबरमध्ये (रॉ अंबर या तपकिरी रंगात) किंचित अल्ट्रामरीन निळा मिसळून संपूर्ण अंगावर एकच पातळ वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा थर, द्यावा, तो ओला असतानाच पोटाकडे गडद रंग सोडावा आणि पाण्याला टेकणारी कडा जागोजागी पाण्यात विरघळू द्यावी. खवले फक्त उजेड आणि सावली जिथे मिळतात त्या कुशीवर काढावेत. पाठीवर दोन-चार पुरेत.

प्रतिबिंबाकडेही पाहावे. बांध उंच असल्यामुळे आपल्याला बदकाची पाठ वरून दिसते, पण पाण्यात पाठ दिसत नाही, छाती आणि पोटाकडची बाजू दिसते. म्हणून तेच रेखाटन उलटे करून खाली ठेवले की डोळ्याला खटकते, आणि का खटकते हे चटकन लक्षात येत नाही. शिवाय उजळ भागाचे प्रतिबिंब किंचित गडद आणि गडद भागाचे किंचित फिके ठेवावे. आपल्या भागातले उदाहरण हवे असेल तर कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांची निसर्गचित्रे जरूर पाहावीत.

रानवाट (खानापूर):
वरील मताशी मी सहमत आहे. फक्त हिरव्या पट्ट्याविषयी लिहितो. ती चमक नुसत्या रंगद्रव्याची नसून पिसाच्या सूक्ष्म रचनेवरून उजेड परतल्यामुळे दिसते, म्हणून कोन बदलला की तोच पट्टा काळपट किंवा जांभळट होतो. त्यामुळे सगळीकडे सारखा हिरवा भरला तर शेवाळच होणार. थॅलो ग्रीन या गडद हिरव्यात अ‍ॅलिझरिन क्रिमसन हा गडद लाल मिसळून जवळजवळ काळा रंग करावा आणि तो पट्ट्याच्या एका टोकाला लावावा. मधे निव्वळ हिरव्याचा छोटासा तुकडा ठेवून दुसरे टोक पाण्याने फिके करावे. पट्ट्याच्या कडेच्या पांढऱ्या रेषा मात्र कोऱ्या कागदाच्याच असाव्यात. त्यासाठी काही जण मास्किंग फ्लुइड (कागद कोरा राखण्यासाठी लावून नंतर सोलून काढायचे द्रव) वापरतात. मी वापरत नाही, कारण आमच्याकडे पावसाळ्यात कागद दमट राहतो, तो पुरता वाळायच्या आत फ्लुइड लावले तर काढताना वरचा पापुद्रा निघतो. हात सावकाश चालवला की रेषा आपोआप राहते.

बातुकोळी (हुक्केरी):
टोपणनावाचे हसू नये; कन्नडमध्ये बदकाला हेच म्हणतात. मी चित्रकार नाही, पक्षी पाहतो. ही बदके बुडी मारणारी नव्हेत, ती पाण्यात डोके खुपसून शेपूट वर करून चरतात. पोहताना त्यांचे शेपूट पाण्यापासून वर उचललेले असते आणि अंग हलके तरंगते. अंग फार खोल बुडालेले दाखवले तर ती दुसऱ्याच जातीची वाटतात. नर-मादीत रंगाचा फारसा फरक नसतो, त्यामुळे जोडी दाखवताना वेगळेपणा रंगात न शोधता मानेच्या वळणात शोधावा. आणखी एक: पंख मिटलेले असताना तो हिरवा पट्टा पुष्कळदा कुशीच्या पिसांखाली झाकला जातो.

चित्रवेडी (बेळगाव):
सर्वांचे मनापासून आभार. आत्ताच फोटो मोठा करून पाहिला. दोन्ही बदकांचे पंख मिटलेले आहेत आणि हिरवा पट्टा कुठेच दिसत नाही. तो मी पक्ष्यांच्या पुस्तकातल्या चित्रावरून घातला होता. पाचवा कागद आज रात्री ताणून ठेवते.