क्युरारेने शुद्ध हरपते, की नुसती हालचाल थांबते?

रानवेडा:
दक्षिण अमेरिकेतल्या वनस्पतींबद्दल वाचताना क्युरारेपाशी अडकलो आहे. ॲमेझॉन आणि ओरिनोकोच्या खोऱ्यांतले शिकारी बाणाच्या टोकाला लावत आले ते वेलींचं विष. माकड फांदीवरून गळून पडतं आणि त्याचंच मांस सगळे खातात. खाणाऱ्यांना काहीच कसं होत नाही? आणि दुसरा प्रश्न मला जास्त छळतोय: त्या प्राण्याला शेवटपर्यंत सगळं कळत असतं का?

खारूताई:
पहिल्याचं उत्तर देते. क्युरारेच्या रेणूवर कायम विद्युतभार असतो, त्यामुळे आतड्यातून ते रक्तात जवळजवळ शिरतच नाही. बाणाने थेट रक्तात गेलं तरच घात. हम्बोल्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८०० साली ओरिनोकोकाठी ते बनवताना पाहिलं, तेव्हा काढा पुरेसा आटला की नाही हे चाखून, कडूपणावरून ठरवत होते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर भूल देणारं कुणी असेल तर सांगेल.

निवृत्त भूलतज्ज्ञ:
कळतं. सगळं कळतं. ३१ वर्षं भूल दिली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चेतातंतू स्नायूला थेट चिकटलेला नसतो, मधे अगदी बारीक फट असते. मेंदूचा हुकूम आला की तंतूच्या टोकातून असिटिलकोलीन सुटतं, फट ओलांडून स्नायूवरच्या ठरलेल्या जागांवर बसतं आणि स्नायू आकसतो. क्युरारे त्याच जागांवर आधी रुमाल टाकून ठेवतं. स्वतः काही करत नाही, पण असिटिलकोलीनला बसूही देत नाही. हुकूम निघतो, फटीपर्यंत पोचतो आणि तिथेच संपतो.

क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हे बेडकावर दाखवलं. एका मागच्या पायाचा रक्तपुरवठा दोऱ्याने बांधला, चेतातंतू मोकळा ठेवला आणि मग विष टोचलं. बेडूक निपचित पडला. पण विष पोचलेल्या भागाला चिमटा काढला की तो बांधलेला पाय झटका द्यायचा! म्हणजे वेदनेची वर्दी आत पोचत होती, बाहेर पडायला मात्र तो एकच पाय उरला होता.

आता बेडकाचा झटका म्हणजे जाणीव नव्हे, हे मान्य. त्याचं उत्तर माणसाने दिलं. स्कॉट स्मिथ या भूलतज्ज्ञाने शुद्धीत असताना स्वतःला ट्युबोक्युरारीन, म्हणजे क्युरारेतला शुद्ध केलेला घटक, टोचून घेतलं, श्वासही बंद पडेल एवढं. सहकाऱ्यांनी त्याचा श्वास चालवला. हालचाल परतल्यावर त्याने सांगितलं की ऐकू येत होतं, दुखत होतं, आठवण कुठेही तुटली नव्हती. १९४७ साली ते प्रसिद्ध झालं.

क्रम असा असतो: आधी पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसतात. मग चेहरा, मान, हातपाय, छातीचे स्नायू, आणि सर्वांत शेवटी श्वासपटल. हृदय चालूच राहतं, कारण त्याचा ठोका या फटीतल्या निरोपावर अवलंबून नाही. मरण येतं ते गुदमरून. म्हणूनच १८१४ साली वॉटर्टन या इंग्लिश प्रवाशाच्या प्रयोगात क्युरारे टोचलेल्या गाढविणीला भात्याने श्वास देत राहिल्यावर ती उठून उभी राहिली आणि पुढे १८३९ पर्यंत जगली.

हे सगळं मला पुस्तकातून पाठ होतं. कळलं मात्र शिकत असताना, अतिदक्षता विभागातल्या एका रात्री. व्हेंटिलेटरवरच्या एका बाईंना स्नायू शिथिल करणारं औषध चालू होतं आणि झोपेच्या औषधाची नळी निसटली होती. डोळ्याच्या कोपऱ्यात पाणी दिसलं, मी बोळ्याने टिपलं आणि पुढे गेले. दुसऱ्यांदा टिपताना नाडी पाहिली, १३०. तेव्हा चादर उचलून नळी शोधली. चार दिवसांनी त्या बोलू लागल्या. म्हणाल्या, "तुम्ही खिडकी लावायला सांगितलीत, ते मी ऐकलं. मी पापणी उचलत होते हो, उचलतच नव्हती." मी त्यांची माफी मागितली. त्या रात्रीनंतर निपचित पडलेल्या एकाही माणसाला काय करतेय ते सांगितल्याशिवाय मी हात लावलेला नाही.

रानवेडा:
ताई, वाचून सुन्न झालो. याला उतारा नाही?

निवृत्त भूलतज्ज्ञ:
आहे. असिटिलकोलीन मोडणाऱ्या विकराला निओस्टिग्मीन रोखतं. मग फटीत असिटिलकोलीन साचतं आणि संख्येच्या जोरावर आपल्या जागा परत मिळवतं. त्याने नाडी मंदावते, म्हणून जोडीला ग्लायकोपायरोलेट देतो. रोक्युरोनियमसारख्या, स्नायू शिथिल करणाऱ्या नव्या औषधासाठी सुगामाडेक्स आहे, ते रेणूच पोटात घालून निष्प्रभ करतं. खुद्द ट्युबोक्युरारीन मागे पडलं, त्याने रक्तदाब घसरायचा. पण सुरुवात त्याच वेलीपासून झाली: १९४२ च्या जानेवारीत माँट्रियलमध्ये ग्रिफिथ आणि जॉन्सन यांनी अपेंडिक्सच्या ऑपरेशनात शुद्ध केलेला क्युरारेचा अर्क वापरला. त्याआधी पोटाचे स्नायू सैल करायला भूलच इतकी खोल द्यावी लागे की तीच जिवावर बेतायची.

सावली२:
माझ्या बहिणीला मायस्थेनिया, म्हणजे स्नायू दुबळे पडण्याचा आजार, आहे. पापण्या मिटणं, एकाचे दोन दिसणं, तुम्ही लिहिलेला क्रम तिचाच वाटला. याचा संबंध आहे का?

निवृत्त भूलतज्ज्ञ:
अगदी जवळचा. तिच्या शरीरातली प्रतिपिंडं त्याच जागांवर हल्ला करतात. १९३४ साली मेरी वॉकर या डॉक्टरांना हेच साम्य खुणावलं. क्युरारेचा उतारा मायस्थेनियालाही लागू पडेल, या विचाराने त्यांनी रुग्णाला फायसोस्टिग्मीन दिलं आणि फरक दिसला. बहीण आज ज्या गोळ्या घेत असेल त्या बहुधा त्याच कुळातल्या. तिचं कधी ऑपरेशन ठरलं तर भूलतज्ज्ञांना आजाराचं नाव आधीच सांगा आणि गोळ्यांच्या वेळा लिहून न्या. क्युरारेच्या जातीची औषधं तिला फार थोडी पुरतील.