घरीच इंजिन ऑइल बदलावे, की यवतमाळच्या वर्कशॉपला पैसे द्यावेत?

धुऱ्यावरचा_माणूस (घाटंजी तालुका):

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१९ची वॅगन-आर आहे, १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची. तिचे आजवर ५८,००० किलोमीटर झाले असून वॉरंटी केव्हाच संपली आहे. कंपनीच्या सर्व्हिसिंगसाठी आमच्या गावाहून यवतमाळला जावे लागते. जाऊन येऊन नव्वद किलोमीटर पडतात, म्हणजे पाच लिटर पेट्रोल आणि अख्खा दिवस, आणि तो दिवस नेमका सोयाबीन सोंगणीतला निघाला की मजूर वावरात आणि मालक वर्कशॉपच्या बाकावर, अशी गत होते.

खर्चाचा मुद्दा आहेच, पण खरी ठिणगी वेगळ्याच गोष्टीने पडली. गेल्या वर्षी गाडी देण्याआधी मी ऑइल फिल्टरवर मुलीच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका देऊन ठेवला होता. बिल ४,९४० रुपयांचे झाले आणि त्यात नव्या फिल्टरचे पैसे लावलेले होते. घरी येऊन बॅटरीच्या उजेडात पाहिले, तर ठिपका जागच्या जागी होता. फिल्टरच बदलला नसेल, तर तेल तरी बदलले असेल का, हा प्रश्न तेव्हापासून मनातून जात नाही.

बाजारात विचारले, तेव्हा साडेतीन लिटरचा सीलबंद डबा १,६५० रुपयांना, फिल्टर ११० रुपयांना आणि ड्रेन नटाचा वॉशर १५ रुपयांना मिळतो असे कळले. म्हणजे १,७७५ रुपयांत काम होते. आमच्या ट्रॅक्टरचे तेल दर २५० तासांनी अंगणातच बदलले जाते, मग एवढ्याशा गाडीचे काय अवघड आहे, असे धाकट्या भावाचे म्हणणे आहे. आपल्यापैकी जे स्वतः तेल बदलतात, त्यांनी हा हिशेब खरोखर जुळतो का आणि जुन्या तेलाचे काय करावे, हे कृपया सांगावे.

खारपाणपट्टा (दर्यापूर):

भाऊ, मी चार वर्षांपासून स्वतःच्या गाडीचे तेल घरी बदलतो, त्यामुळे माझे मत आपल्या भावाच्या बाजूने असेल असे वाटणे साहजिक आहे. पण ट्रॅक्टरची तुलना मला पटत नाही. ट्रॅक्टरच्या चेंबरखाली (इंजिनाच्या बुडाशी तेल साठते तो भाग) माणूस उकिडवा बसून पाना लावू शकतो. वॅगन-आरचा ग्राउंड क्लिअरन्स १६५ मिलिमीटर आहे, म्हणजे वीत भरसुद्धा नाही. तेवढ्या फटीत हात जातो, खांदा जात नाही, त्यामुळे गाडी उचलावीच लागते, आणि सगळा धोका त्या उचलण्यात आहे.

गाडीसोबत मिळणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली डोके घालू नये, हे सर्वांना ठाऊक असते आणि तरीही घाईत तेच केले जाते. मी उचललेली गाडी टेकवायच्या दोन लोखंडी घोड्या विकत घेतल्या आणि स्वतःला फार शहाणा समजू लागलो. दुसऱ्या वर्षी पोळ्याच्या आसपास, आदल्या रात्री पाऊस पडून गेलेला असताना, अंगणात गाडी घोड्यांवर चढवली आणि परात आणायला घरात गेलो. परत येऊन पाहतो तर डावी घोडी काळ्या मातीत चार बोटे रुतलेली आणि गाडी एका अंगाला कललेली. मी पाच मिनिटे आधी तिच्याखाली शिरलो असतो, तर आज हे लिहायला उरलो नसतो. त्यानंतर पडवीत सहा इंच जाडीचा काँक्रीटचा ओटा घातला आणि मगच पुन्हा त्या कामाला हात लावला. तेव्हा आपल्याकडे पक्की, सपाट फरशी आहे का, हे सर्वांत आधी सांगा.

पैशांचे म्हणाल, तर घोड्या, जॅक, गोटी पाने, फिल्टर सोडवायचा पट्टा आणि परात यांवर माझे सुमारे साडेतीन हजार रुपये गेले. ओट्याचा खर्च मी बायकोला सांगितलेला नाही.

एसटी_सेवानिवृत्त (वर्धा):

मी एस.टी. महामंडळाच्या आगारात ३१ वर्षे मेकॅनिक होतो. निवृत्तीनंतर घरच्या आणि शेजारच्या गाड्या पाहतो. प्रश्न विचारणाऱ्या दादांनी ठिपक्याची युक्ती केली, ती उत्तम होती, परंतु तिचा उपयोग वर्कशॉपमध्येच उभे राहून करायचा असतो. घरी गेल्यावर तक्रार सिद्ध होत नाही.

काम स्वतः करायचे ठरवले, तर चुका कोठे होतात ते सांगतो, कारण कृती सगळ्यांना तोंडपाठ असते. तेल कोमट असताना काढावे. इंजिन चार-पाच मिनिटे चालवून बंद करावे. थंड तेल चेंबरच्या तळाशी गाळ सोडून येते आणि पूर्ण तापलेले तेल मनगट भाजते. ड्रेन नट उलट्या दिशेने पिळण्याची चूक आडवे झोपल्यावर होतेच, कारण डावे-उजवे डोक्यात फिरते. नट बसवताना तो आधी बोटांनी पूर्ण फिरला पाहिजे. बोटांनी फिरत नसेल, तर आटा तिरका धरला आहे असे समजून पुन्हा काढावा. पान्याला पाइप लावून नट आवळणाऱ्यांनी चेंबरचे आटे घालवलेले मी इतक्या वेळा पाहिले आहेत, की त्यावर माझी तीन-चार वर्षांची नोकरी चालली असेल. वॉशर दर वेळी नवा घालावा. पंधरा रुपये वाचवून महिनाभर अंगणात तेलाचे थेंब मोजण्यात अर्थ नाही.

फिल्टर काढल्यावर जुन्या फिल्टरचे रबरी कडे त्याच्यासोबत आले आहे का, ते डोळ्यांनी पाहावे. ते इंजिनालाच चिकटून राहिले आणि त्यावर नवा फिल्टर बसवला, तर दोन रबरांमधून दाबाखालचे तेल पिचकारीसारखे बाहेर येते आणि गाडी काही किलोमीटरांत कोरडी पडते. नव्या रबराला बोटाने ताजे तेल लावावे, फिल्टर टेकेपर्यंत हाताने फिरवावा आणि टेकल्यानंतर सुमारे पाऊण फेरा आवळावा. पट्टा सोडवण्यासाठी असतो, आवळण्यासाठी नाही.

तेल ओतताना अख्खा डबा रिकामा करण्याची घाई करू नये. पुस्तिकेतील मापापेक्षा थोडे कमी ओतून इंजिन मिनिटभर चालवावे, बंद करून पाच मिनिटे थांबावे आणि गाडी सपाट जागेवर असताना तेल मोजायची काडी पुसून पाहावी. काडीवरच्या दोन खुणांमध्ये बहुतेक गाड्यांत सुमारे एक लिटरचे अंतर असते, त्यामुळे वरच्या खुणेपर्यंत हळूहळू नेता येते. जास्त भरलेले तेलही वाईट, कारण क्रँक ते घुसळून त्याचा फेस करतो आणि फेस बेअरिंगला वंगण देत नाही.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो म्हणून जाड तेल घाला, असा सल्ला तालुक्याच्या दुकानात हमखास मिळतो. तो ऐकू नये. चालत्या इंजिनातले तेल चंद्रपुरात काय आणि चिखलदऱ्यात काय, साधारण ९० ते ११० अंशांवरच असते, कारण ते तापमान शीतक यंत्रणा सांभाळते. डब्यावरील ५डब्ल्यू-३० अशा ग्रेडमधला दुसरा आकडा १०० अंशांच्या जाडीवरूनच ठरलेला असतो. बाहेरच्या उन्हापेक्षा आपल्या गाडीला छळते ती धूळ आणि दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या. इतक्या कमी अंतरात तेल पुरते तापत नाही, आत साचलेली वाफ उडून जात नाही, आणि झाकणाखाली दुधाळ साय धरते. म्हणून १०,००० किलोमीटर झाले नसले, तरी वर्षातून एकदा तेल बदलावेच, आणि मुख्यतः कच्च्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचे त्याआधी. एअर फिल्टर तर कापूस वेचणीच्या हंगामात महिन्यातून एकदा उघडून पाहावा.

संत्राबाग (वरूड):

एवढे सगळे वाचून मी वर्कशॉपलाच पैसे देत राहणार, हे नक्की झाले. जुन्या तेलाचे मात्र उत्तर सोपे आहे. आमच्याकडे ते कुंपणाच्या लाकडी खांबांना आणि गोठ्याच्या बल्ल्यांना लावतात, त्यामुळे उदळी (वाळवी) लागत नाही. स्लॅबचे काम असले की सेंट्रिंगवाला प्लेटांना लावायला मागून नेतो. चार लिटर तेल तर फुकटात खपते.

एसटी_सेवानिवृत्त (वर्धा):

संत्राबागवाले भाऊ, ही सवय मीही आगारात असताना वर्षानुवर्षे पाहिली आहे आणि तिला विरोध केला नाही, याची खंत वाटते. वापरलेल्या तेलात काजळी आणि झिजलेल्या धातूंचे कण असतात, शिवाय कर्करोगाशी संबंध असलेली रसायनेही ज्वलनातून त्यात उतरतात. खांबाला लावलेले तेल पहिल्या दोन पावसांत मातीत उतरते. आपल्या बागेत तर ड्रिपचे पाणी विहिरीचे किंवा बोअरचेच असेल. २०१६च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे. ते अधिकृत पुनर्शुद्धीकरण करणाऱ्यांकडेच जायला हवे, आणि १ एप्रिल २०२४ पासून तेल बनवणाऱ्या कंपन्यांवरही ते परत गोळा करून शुद्ध करवून घेण्याची जबाबदारी टाकलेली आहे. गावातून कारखान्यापर्यंत कोणी चार लिटर घेऊन जाणार नाही, हे मला कळते. परंतु तालुक्याच्या मोठ्या गॅरेजमध्ये दोनशे लिटरचे टिपाड असते आणि ते भरले की तेल गोळा करणारा येऊन घेऊन जातो. सीलबंद कॅनमध्ये भरून तेथे नेऊन द्यावे आणि ते पुढे कोण नेते, हेही एकदा विचारावे. हातमोजे घालूनच काम करावे. माझ्या बोटांकडे पाहून कोणी ते शिकले तरी पुरे.

मास्तरीणबाई (गोंडपिपरी):

मी शाळेसाठी रोज जाऊन येऊन ४४ किलोमीटर गाडी चालवते आणि वर्षातून एकदा तरी तेल बदलावे लागतेच. सुरुवातीला दादांसारखाच माझाही वर्कशॉपवरचा विश्वास उडाला होता. मात्र मला गाडीखाली झोपायचे नव्हते, म्हणून मी वेगळा मार्ग धरला. तेल आणि फिल्टर मी स्वतः विकत घेते आणि आमच्या येथील ट्रॅक्टर मेकॅनिककडे जाते, कारण त्याच्याकडे पक्का बांधलेला खड्डा आहे. गाडी खड्ड्यावर सरळ चढते, जॅकचा प्रश्नच येत नाही. तो मजुरीचे २५० रुपये घेतो. डब्याचे सील मी माझ्या हाताने फोडते आणि जुना फिल्टर हातात दिल्याशिवाय पैसे देत नाही.

तेल घेताना एक पथ्य पाळावे. रिकाम्या नामांकित डब्यांत हलके तेल भरून विकण्याचा धंदा चालतो, आणि त्यासाठी लागणारे रिकामे डबे आपणच मागे सोडून येतो. मी रिकाम्या डब्याच्या बुडाला तेथेच खिळ्याने दोन भोके पाडते. मेकॅनिकला पहिल्यांदा ते अपमानासारखे वाटले. आता खिळा तोच आणून देतो.

तरीही दोन वर्षांतून एकदा मी गाडी चंद्रपूरच्या वर्कशॉपला नेते. मागच्या खेपेला तेथे मागच्या ब्रेकचा सिलिंडर पाझरताना सापडला. तो मला दिसला नसता, माझ्या मेकॅनिकलाही दिसला नसता, कारण तेल बदलताना चाक कोणी काढत नाही.

धुऱ्यावरचा_माणूस (घाटंजी तालुका):

सर्वांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे.

खारपाणपट्टावाल्या भाऊंनी विचारले होते म्हणून सांगतो, आमच्या अंगणात फरशी नाही, शेणसडा आहे. त्यामुळे भावाचा बेत तेथेच थांबला. हिशेब पुन्हा मांडला, तर माझी गाडी वर्षाला सात हजार किलोमीटरच चालते, म्हणजे वर्षात एकच तेल. मजुरीचे अडीचशे रुपये वाचवण्यासाठी साडेतीन हजारांची हत्यारे आणि वर ओटा घ्यायचा, तर ते फिटायला चौदा वर्षांहून अधिक काळ लागेल, आणि तोवर गाडी राहील की नाही, देव जाणे.

पुस्तिका पाहून ५डब्ल्यू-३० तेल आणले आणि घाटंजीत एका ट्रॅक्टर मेकॅनिकच्या खड्ड्यावर गाडी घेतली. त्याने फिल्टर काढून माझ्या हातात दिला; लाल ठिपका अजून त्यावर होता. ड्रेन नटाला वॉशरच नव्हता, तेथे कोणीतरी टेफ्लॉनची टेप गुंडाळलेली होती. एसटीवाल्या काकांनी सांगितल्याप्रमाणे नट आधी बोटांनी फिरवायला लावला, तेव्हा मेकॅनिकने माझ्याकडे जरा वेळ रोखून पाहिले. तीन लिटर ओतून काडी पाहिली आणि मग थोडे थोडे वाढवले; डब्यात कपभर उरले, ते पुढे लागल्यास म्हणून घरी आणले. जुने तेल त्याच्याच टिपाडात गेले. नव्या फिल्टरवर मार्करने तारीख आणि ५८,४१२ हा आकडा लिहिला आहे. मजुरी धरून २,०२५ रुपये लागले आणि दुपारच्या जेवणाला घरी होतो.

ब्रेक आणि सस्पेन्शन पाहण्यासाठी मात्र दिवाळीनंतर गाडी यवतमाळला नेणार आहे, पण दुसऱ्या वर्कशॉपला, आणि तेलाला हात लावू नका असे कार्डावर लिहून घेणार आहे.

भाऊ अजून घरीच खड्डा बांधू म्हणतो. त्याने दाखवलेली जागा विहिरीपासून वीस पावलांवर आहे, त्यामुळे तो विषय सध्या बंद ठेवला आहे.