नोटीस पिरियडमधल्या सुट्ट्या
भावा, एचआर म्हणतोय नोटीसमध्ये उरलेल्या सुट्ट्या घ्यायच्या नाहीत, तर आधी अपॉइंटमेंट लेटर काढून वाच, त्यात काय लिहिलंय ते बघ. राजारामपुरीतल्या तुझ्या ऑफिसात वीस किंवा जास्त माणसं असतील तर महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने-आस्थापना कायदा लागतो, त्यात भरपगारी रजा ४५ दिवसांपर्यंत साठवता येते (मॅनेजरच्या पोस्टवर असशील तर हे विसर). मी तर म्हणतो सुट्ट्यांसाठी भांडूच नकोस, पैसे माग की, नोकरी सोडताना मिळणाऱ्या रजेच्या पैशाला टॅक्समध्ये सूट असते, मर्यादा २५ लाख, आणि नोकरीत असताना एनकॅश केलंस तर टॅक्स बसतोय. फुल अँड फायनलमध्ये (म्हणजे सोडतानाच्या शेवटच्या हिशेबात) रजेचे पैसे बेसिकवर धरणार का ग्रॉसवर तेवढं मेलवर लिहून घे, तोंडी ‘बघूया की’वर जाऊ नको.